हिरव्याच्या आधी

माझे काका बस चालवतात आणि काकू सायकल. हा संसार इतकी वर्षं टिकला कसा, हे आमच्या घरातल्या कुणालाच कळलेलं नाही. काकू कवळ्या पोचवते. दात बनवणाऱ्या कारखान्यातून निघायचं आणि शहरभरच्या दवाखान्यांत फिरायचं. "माझ्या पेटीत लोकांचं हसू असतं," ती म्हणते.

"आणि चौकात कायद्याचं हसं," काका लगेच.

भांडण एकाच गोष्टीवरून. मोठ्या चौकात चालणाऱ्यांचा हिरवा दिवा आधी लागतो, गाड्यांचा जरा मागून. काकू चालणाऱ्यांबरोबरच सुटते, समोर गाड्यांचा लाल असताना.

"सायकलवाल्यांना वेगळा नियम? तुम्ही काय आभाळातून पडलात?"

"अहो, तुमच्याभोवती पत्रा आहे, माझ्याभोवती ओढणी. आधी निघाले तर तुमच्या डोळ्यांपुढे असते. बरोबर निघाले आणि तुम्ही वळलात, की चाकाखाली."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस!"

आम्ही पोरं यावर पोट धरून हसायचो. मग चिमणी, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, कॉलेजात गेली. तिनं सायकलनं जायचं ठरवलं आणि हसणं बंद झालं. रस्ता त्याच चौकातून होता.

आदल्या संध्याकाळी दोघांनी तिला समोर बसवलं.

"लाल असेपर्यंत पाय खाली," काका म्हणाले. "फुटपाथला चिकटून उभी राहा. शेजारी मोठी गाडी असली, तर ती आधी जाऊ दे. मग तू."

"ऐकू नकोस गं. माणसं निघाली की तूही सूट."

"आणि पोलिसानं धरलं तर?"

"पोलीस धरतो नि सोडतो. चाक सोडत नाही."

चिमणी उठली. "तुमचं एकमत झालं की मला मेसेज करा," म्हणाली आणि आत गेली. एकमत काही झालं नाही.

सकाळी मी काकांच्याच बसमध्ये होते, अगदी पुढच्या सीटवर. चौकात लाल लागला, बस सर्वांत पुढे. आम्हाला फुटपाथच्या बाजूला वळायचं होतं.

"ती बघ," काका आरशाकडे बोट करून हळूच म्हणाले. निळी ओढणी, डोक्यावर हेल्मेट. चिमणी फुटपाथच्या कडेकडेनं पुढे येत होती. आरशात मोठी झाली, कडेला सरकली आणि दिसेनाशी झाली.

काका पुढे वाकले. मान वळवली. पुढच्या दारात माणसं कोंबलेली, काच झाकलेली.

"तुला दिसतेय का?"

मी उठून पाहिलं. "नाही."

हिरवा लागला. बस हलली नाही.

"काका, हिरवा."

"ती गेली का पुढे?"

"दिसली नाही."

मागून हॉर्नचा गोंधळ सुरू झाला. "अहो ड्रायव्हर, हा हिरवा चालत नाही का? पोपटी पाहिजे?" कुणीतरी ओरडलं. चार जण हसले.

"माझी पोरगी आहे खाली," काका म्हणाले. आवाज इतका बारीक, की हसणारे एकदम गप्प झाले.

परत लाल लागला. काकांनी दार उघडलं. दारातली माणसं बाजूला झाली आणि ती दिसली. पायरीला अगदी खेटून, एक पाय फुटपाथवर टेकवून, शहाण्या मुलीसारखी उभी.

"बाबा, जा ना! तुम्ही जायची वाट बघतेय मी!"

"आणि मी तुझी!"

तेवढ्यात चालणाऱ्यांचा दिवा लागला. लोक निघाले.

"जा," काका म्हणाले.

"लाल आहे आपल्याला."

"दिसतंय मला! या माणसांबरोबर जा. जा म्हणतो ना!"

ती गेली. निळी ओढणी समोरच्या काचेत आली, स्पष्ट, पूर्ण. काकांनी श्वास सोडला आणि शिट्टी वाजली. पलीकडे पोलिसानं तिची सायकल अडवली होती. ती बसकडे हात करून काहीतरी सांगत होती. पण आमचा हिरवा लागला होता, मागून हॉर्न वाजत होते. काकांना वळावंच लागलं.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, मी तेवढी राहिले. काकांनी स्पीकरवर काकूला फोन लावला. "तिला पकडलं."

"कुणी?"

"पोलिसानं."

"मग ठीक आहे," काकू म्हणाली, आणि रडायलाच लागली. जरा वेळानं विचारलं, "काय केलं तिनं?"

"मी सांगितलं ते."

"अहो, मग उद्या काय सांगायचं तिला?"

काकांनी फोन खिशात ठेवला. परतीची माणसं चढली, दार लागलं. काकांनी आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं. बस सुरूच होती, हलत मात्र नव्हती.

"खाली उतरून बघतेस का जरा?" ते मला म्हणाले. "या बाजूला कुणी नाही ना?"