पांझरेच्या पैलतीरावरची हार

शाळेला सुट्टी लागली आणि दुसऱ्याच दिवशी मी पुण्याहून पळालो. पळालो हाच शब्द खरा. मुख्याध्यापकाची जागा माझ्याहून सहा वर्षांनी धाकट्या बर्वेंना मिळाली होती, आणि हे बर्वे राहतात आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे. नेमणुकीच्या दिवशी त्यांनी चहाला बोलावले, मी गेलो नाही. दोन महिने हजेरीपुस्तकसुद्धा शिपायाच्या हाती पाठवत होतो.

जळगावला पिंप्राळ्यात माझी बहीण राहते. ऊन असे की बारानंतर रस्त्यावर रिक्षासुद्धा दिसेना. बहिणीने कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा वाढला, तरी मी जेवताना दोनदा उठलो. पंख्याखाली बसवेना, ओट्यावरही बसवेना. तिसऱ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "दादा, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. आखाजी आहे, भास्करच्या गावी जाऊन ये."

भास्कर माझा कॉलेजातला मित्र, धुळ्याला देवपुरात राहणारा. पारोळ्याच्या पुढे गाडीचे चाक पंक्चर झाले आणि सगळे उतरून निंबाच्या सावलीला बसले. मी मात्र येरझाऱ्या घालत होतो. शेजारचे एक आबा शेवटी म्हणाले, "बस ना भाऊ. गाव काय पळी जाई का?" मी बसलो, पण पाच मिनिटांनी पुन्हा उठलोच.

भास्करचे गाव धुळ्यापासून तासाभरावर, पांझरा नदीच्या काठी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडाझाडाला झोके बांधलेले, घरोघरी आमरस आणि सांजोऱ्या. भास्करची बहीण सिंधू मात्र सणासाठी आलेली नव्हती. ती संक्रांतीपासूनच माहेरी होती. सासर नदीच्या पलीकडच्या गावात, घरातून दिसेल एवढ्यावर. सासूने चार पाहुण्यांदेखत म्हटले होते की हिला मांडे (खापरावर भाजतात त्या मोठ्या पुरणपोळ्या) येत नाहीत, आणि ही उठून चालत आली होती. नवरा न्यायला आला नव्हता. "या सणात काही जमलं तर जमलं," भास्कर मला म्हणाला, "नाहीतर ती इथलीच झाली."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर गौराई बोळवायला सगळ्या बाया नदीवर गेल्या. पाणी जेमतेम घोट्याइतके. या काठाला या गावच्या, त्या काठाला त्या गावच्या, आणि मध्ये गाण्यांतून शिव्यांचा पाऊस. ही तिथली चालच आहे. ज्या काठाला उत्तर सुचत नाही तो हरला. आणि नियम एकच, नदीवरचे बोलणे नदीवरच सोडायचे. मला भारी मजा वाटली. कोण हरते ते पाहायला मी पार पाण्याजवळ गेलो.

मग पलीकडून एक उंच, काटक बाई पुढे आली. सिंधूची सासू. तिने खणखणीत आवाजात लावले,

"तुमनी पोरना मांडा, खापरवर फाटना!"

हसणे थांबले. घरातले भांडण कोणी नदीवर आणत नाही. "झालं," भास्कर पुटपुटला. "आता ही परत जात नाही." सिंधू खाली पाहत उभी होती. तिची आई तिचा दंड धरून मागे ओढू लागली. सिंधूने हात सोडवला, पाण्यात दोन पावले पुढे गेली आणि म्हणाली,

"फाटेल मांडा सासूनी, दार लाईसन खादा!"

(सासूने तोच फाटका मांडा दार लावून खाल्ला.) दोन्ही काठ एकदम हसले. पलीकडच्या बाया सासूकडे बघून पदर तोंडाला लावत होत्या. तिला उत्तर सुचले नाही. आमचा काठ जिंकला आणि मी टाळ्या पिटल्या, जणू माझीच नेमणूक झाली होती.

सकाळी आठला ती बाई नदी ओलांडून आली. एकटी, लुगडे घोट्यापर्यंत ओले. अंगणात बसली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाली, "काल आम्ही हारनूत. बठ्ठं गाव माले हासनं. दार लाईसन खादा, हाई खरं शे. आते उघाडा दारमा खासू. मन्ही सूनले लेवाले उनू." सुनेला न्यायलाच ती आली होती.

भास्कर आत जाऊन बहिणीला सांगू लागला की आता वाकू नकोस. मलाही राहवले नाही. "ताई, तुम्ही जिंकल्या आहात. अट घाला," मी म्हणालो.

सिंधूने माझ्याकडे पाहिले. "भाऊ, मी जिकेल काठवर किती दिन उभी ऱ्हाऊ?" मग बाहेर येऊन सासूला म्हणाली, "आज नही. परवा येसू. गहू दळी ठेवा."

सासू उठली. "दळी ठेवस," म्हणाली आणि पाणी न पिता निघाली. तिच्या चालण्यात हरल्याची काही खूण मला दिसली नाही, आणि त्याचाच मला राग आला. मी त्याच दुपारी निघालो. भास्करने थांब म्हटले, पण थांबवेना.

पुण्यात आल्यावर बायकोने प्रवास कसा झाला विचारले. मी आमरसाचे सांगितले, उन्हाचे सांगितले. नदीचे मात्र टाळले. त्या संध्याकाळी पायात चपला घालून मी फाटकापर्यंत गेलो. समोर बर्वे गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. मी परत फिरलो. दुसऱ्या दिवशीही तेच.

ती बाई हरल्याच्या दुसऱ्या सकाळी अख्खी नदी ओलांडून आली होती. मला आमच्या गल्लीतला वीस पावलांचा रस्ता ओलांडायला जून उजाडला.