दोन वाजताचा भोंगा

सालेकसा स्टेशनवर आम्ही गाडीच्या खूप आधी पोहोचलो होतो. बाबांनी माझी बॅग बाकावर ठेवली, तिचा पट्टा मनगटाला गुंडाळला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही. ते धानाच्या गिरणीत पोती वाहतात. त्या बॅगेचं वजन त्यांना काहीच नव्हतं. आई मात्र फलाटावर नीट उभीसुद्धा राहत नव्हती. एक मालगाडी धडधडत गेली तशी तिने मला ओढून पार भिंतीपाशी नेलं. मी डब्यात बसल्यावर खिडकीच्या गजांतून तिने माझी बोटं धरली आणि म्हणाली, "भेव लागलं तं वापस येजो. लोकं हासतीन म्हणून राहू नोको."

तिने ते मायेने म्हटलं होतं. पण त्या एका वाक्याने मला पुढे वर्षभर बांधून ठेवलं. कारण भीती तर मला गाव सुटताच लागणाऱ्या दरेकशाच्या बोगद्यातच लागली होती, आणि परत जायचं नव्हतं.

हे मी गावात राहिलेल्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणींसाठी लिहिते आहे, आणि ज्या दुर्ग, रायपूर, नागपूरला निघून गेल्या त्यांच्यासाठीही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यात माझ्याइतकाच वाटा आमच्या मराठी शाळेतल्या बाईंचा आहे, ज्यांनी सुटीतही घरी बोलावून हिशेब आणि इंग्रजी शिकवलं. आणि बाबांच्या पाठीचा आहे. हे उपकार मी विसरत नाही. विसरत नाही म्हणूनच "मला भीती वाटते" असं सांगायला तोंड उघडत नसे. एवढं शिकवून पाठवलेली मुलगी घाबरून परत आली, हे बाबांना गिरणीत कसं सांगवलं असतं?

भिलाईला मी कोहक्यात मावशीकडे राहते. तिचे यजमान, म्हणजे मावसाजी, पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले. पहिल्या दिवशी दुपारी जेवायला बसलो आणि अचानक दूरवरून लांबच लांब, घोगरा आवाज उठला. मी हातातला घास टाकून उभी राहिले. मावसाजी हसून हसून खोकायला लागले. "बस, बस. प्लांटचा भोंगा होय तो. दोनची शिफ्ट सुटून राहिली." भिलाईत माणसं त्या भोंग्यावर घड्याळ लावतात, भात टाकतात, पोरांना झोपेतून उठवतात. काही महिन्यांनी मला तो ऐकूसुद्धा येईनासा झाला. मी त्याचा अभिमान बाळगला. वाटलं, झालो आपण इथले.

माझी नोकरी शहरातल्या मोठ्या चौकाला लागून असलेल्या नव्या इमारतीत. पूर्वी तिथे मोकळं मैदान होतं, मावशी सांगते, मीनाबाजार भरायचा. आता खाली कपड्यांची नि मोबाइलची दुकानं, मध्ये मुलांचे खेळ, वर सिनेमा आणि जेवणाचा मजला, आणि बाहेरून सगळी काच. संध्याकाळी चौकात अख्खी कुटुंबं मुरमुरे घेऊन बसतात आणि नुसती त्या दिव्यांकडे बघतात. आत येत नाहीत. दारावरचा गार्ड काही बोलत नाही, तरी येत नाहीत. मुलाखतीच्या दिवशी मीही तशीच चौकात बसले होते. फाइल मांडीवर घेऊन.

तिसऱ्या, जेवणाच्या मजल्यावर माझा मदत डेस्क. समोर कठडा, आणि कठड्यापलीकडे थेट खालपर्यंत रिकामी जागा. रविवारी गर्दी त्या कठड्याला टेकते तेव्हा मी तिकडे बघत नाही. लिफ्ट मजल्यांमध्ये जराशी थांबली तरी मी मनात देवाचं नाव घेते. शेवटचा शो सुटला की माणसांचा लोंढा अंगावर येतो. आणि मी हसून सांगते, "जी, वॉशरूम लेफ्ट में." घरी मात्र सांगायचे, एसी आहे, जेवण मिळतं, सगळं मस्त.

वर्ष झालं तशी आई मला बघायला आली. बाबांनी आधीच कळवलं होतं की ती जे ठरवेल ते. गावाजवळच्या एका पतसंस्थेत जागा होती; आईला पसंत पडलं नाही तर मी तिच्यासोबतच परत जायचं. मी आठ दिवस आरशासमोर न घाबरलेला चेहरा बसवत होते.

ती आली त्या दिवशी माझी ड्यूटी होती. मावसाजी तिला घेऊन आले. सरकत्या जिन्यावर ती पाय ठेवीना, म्हणून दोघं साध्या जिन्याने तीन मजले चढून आली. मी त्यांना माझ्या डेस्कशेजारच्या टेबलाशी बसवलं आणि थाळी मागवली. आई काचेतून खालच्या चौकाकडे बघत एकेक घास खात होती. मी तिच्याकडे बघून हसत होते. खूप हसत होते.

तेवढ्यात भोंगा झाला.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजायला आले होते. समोरच्या गिऱ्हाइकाला मी सिनेमाच्या वेळा सांगत राहिले. कोणीच उठलं नाही. सगळा मजला जेवत होता, आणि त्यात निम्मी माणसं प्लांटच्या घरांतली. एक म्हातारे गृहस्थ तर हातातलं घड्याळ काढून जुळवत होते. फक्त आई उभी राहिली.

"बस वं बाई," मावसाजी ओरडले, "सालेकशाहून आली तू, तुले भोंगा का म्हाइत! दोन वाजले."

"भाऊजी, तुमी बसा. माह्याच्यानं नाही बसवत."

भरल्या ताटावरून ती उठली आणि उष्ट्या हातानेच माझ्याकडे आली. "पोरी, हे का होय?"

"भोंगा आहे आई, प्लांटचा." माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"मंग तो तुह्या डोक्यावरून कावून वाजून राहिला?"

मी वर पाहिलं. छताला लाल डबा होता आणि तो लुकलुकत होता. त्याच क्षणी डेस्कवरचा वॉकी-टॉकी खरखरला. खालच्या मजल्यावर असलेल्या आमच्या किचनच्या चिमणीत आग लागली होती, धूर वर येत होता, मजला रिकामा करायचा होता.

मला काय करायचं ते शिकवलेलं होतं. जिन्याचं लोखंडी दार उघडायचं आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत ते धरून उभं राहायचं. पण पाय जागचे हलेनात. आईने माझ्या दंडाला चिमटा काढला, लहानपणी काढायची तसा जोरात. "उभी कायले? तुह्यं काम कर."

मी दार उघडलं. ओरडले, "सब लोग नीचे चलिए!" पहिल्यांदा कोणी ऐकलंच नाही. कोणीतरी म्हणालं, "अरे मैडम, शिफ्ट का भोंगा है, खाने दो." आईला हिंदी येत नाही. अनोळखी माणसांशी ती गावातही बोलत नाही. पण ती टेबलाटेबलाशी गेली आणि बायकांचे हात धरून त्यांना उठवू लागली. "चाल वं माय, चाल. लेकराले घे." तिचा चेहरा पांढरा पडला होता. तो चेहरा पाहूनच बायका उठल्या असाव्यात. बायका उठल्या तशी पोरं उठली, मग पुरुष. तोवर धुराचा वास सगळ्यांनाच आला.

कोणाचं तरी तान्हं बाळ कडेवर घेऊन, मागे मावसाजींना ओढत, आई माझ्यासमोरून जिन्यात शिरली. तिने मागे पाहिलं. मी "जा" म्हटलं. जिना खाली वळतो, आणि वळणावर ती दिसेनाशी झाली. धूर त्याच मजल्यावरून येत होता जिथून तिला जायचं होतं, आणि मला दार सोडता येत नव्हतं. माणसं जात राहिली. मी त्यांच्या चपला बघत होते. मान वर करून चेहरे बघायची हिंमत नव्हती. आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नाही, आणि पुन्हा वाटू नये.

नंतर कळलं की आग चिमणीतच विझवली होती, कोणाला काही झालं नाही. पण मला ते चौकात पोहोचेपर्यंत माहीत नव्हतं. चौकभर माणसं. मी "आई, आई" करत फिरले, युनिफॉर्ममध्ये, सगळ्यांदेखत. ती कारंज्याच्या कठड्याजवळ जमिनीवर बसली होती. बाळ त्याच्या आईकडे गेलं होतं. मावसाजी शेजारी धापा टाकत बसले होते.

मी तिच्या मांडीत डोकं घातलं. ती बराच वेळ माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग विचारलं, "तुले भेव लागते का वं इथं?"

वर्षभर पाठ केलेलं उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते निघालं नाही. "रोज लागते, आई. उंचीचं, गर्दीचं, लिफ्टचं. रोज."

मला वाटलं, झालं. आता बॅग भरायची.

तिने पदराने माझं नाक पुसलं. "मंग राह्य," ती म्हणाली. "वर तुले भोंगा भोंगा म्हणतानी पाह्यलं, तं मले वाटलं, पोट्टीनं भ्याचं सोडून देल्लं. म्हणून मले धसका बसला होता. भेतं नं? मंग राह्य."

मी अजून भिलाईतच आहे. आता दोनचा भोंगा झाला की मी आधी छताकडे बघते, मग घड्याळाकडे. भीती कमी झाली असं म्हणणार नाही. पण ती लपवून ठेवायला जी ताकद लागत होती, ती वाचली.

गाव सोडलेल्या मैत्रिणी विचारतात, तुला घर कुठलं वाटतं आता? सालेकशाचं की कोहक्याचं? एवढंच सांगू शकते, की इमारत पुन्हा उघडली त्या दिवशी आई सकाळपासून साडी नेसून तयार होती. "मले तिथं ने. भरल्या ताटावरून उठून मी कोनाच्या घरून आली नाही आजपर्यंत."

"ते घर थोडीच होय, बाई," मावसाजी म्हणाले. "दुकान होय ते."

"माही पोट्टी दिवसभर राह्यते तिथं. दुकान कसं?"

ती आली. जिन्याच्या दाराला सगळ्यात जवळची खुर्ची तिने स्वतः निवडली, दार ढकलून उघडतं का ते पाहिलं, आणि मग बसली. थाळी सगळी संपवली. मी डेस्कवरून बघत होते. तिचा एक हात ताटात होता, आणि दुसऱ्याने तिने खुर्चीचा काठ घट्ट धरून ठेवला होता.