लिंबूपाण्याचा महिना

बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीच्या बॅगेतून लोहाच्या गोळ्यांचं पाकीट काढलं, तो ओळखीचा गंजट वास आला आणि मी मनाने थेट गिरडच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर जाऊन बसले.

तेव्हा हीच लेक पोटात होती, सहावा महिना. मला सगळ्याच्या याद्या करायची सवय; कॅलेंडरवर रोजच्या गोळीची खूण एकदाही चुकली नव्हती, तरी हिमोग्लोबिन आठवरच अडलेलं. असंच राहिलं तर बाळंतपण जिवावर बेतेल, असं सिस्टरने बजावलं. "गोळी कशासंगं घेतं वं?"

"चहासंगं," सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं. "मीच देतो ना तिले."

"म्हणूनच! चहा गोळीले अंगी लागू देत नाई. लिंबूपाण्यासंगं देत जा."

महिन्याने पुन्हा बोटाला सुई टोचली, तेव्हा माझ्यापेक्षा सासूबाईच जास्त पुढे वाकून बघत होत्या. सिस्टरने नळी उजेडात धरली आणि ओरडलीच, "साडेदहा!" मी ओट्यावरून उडीच मारणार होते, पोटातलीने माझ्याआधी मारली.

सासूबाईंनी हळूच विचारलं, "मंग सिस्टर, आता मी चहा पिऊ काय?"

"तुम्हाले कोणी मना केलं होतं?"

"घरात चहा झाला असता, तं तिचंबी मन झालं असतं ना."

दिवसातून पाचदा चहा लागणाऱ्या सासूबाई महिनाभर चहाविना राहिल्या होत्या, आणि माझ्या एकाही यादीत त्याची नोंद नव्हती.

आज नवी यादी फ्रीजवर लावली. पहिली ओळ लेकीसाठी: गोळी लिंबूपाण्यासोबत. दुसरी माझ्यासाठी: चहा बंद.