मालाताईंचे बोळे

सुनीताचा फोन आला तेव्हा मी तुरीची डाळ निवडत बसले होते. "मावशी, आई गेली." बरं म्हणाले, फोन ठेवला आणि डाळ निवडतच राहिले... महिना होत आला त्याला. मालाताई म्हणजे यवतमाळच्या दवाखान्यात माझ्या वरिष्ठ सिस्टर, आयुष्यभर माझा कान धरणाऱ्या. सुनीता त्यांची लेक.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. बाभुळगावकडची एक आजी वॉर्डात होती. गाव, लेकरं, सगळं विसरलेली. सारखी चादर चिमटायची, सलाईनची सुई उपटायची. ताप, जखम, बाळंतपण, सगळं आम्हाला शिकवलं होतं; विसरलेल्या माणसाशी कसं वागायचं, तेवढं राहून गेलं होतं. मी आपली हुशार. गॉजच्या पट्टीनं तिचे दोन्ही हात खाटेला बांधले आणि खुशाल चहा प्यायला गेले. परत आले तर मालाताई गाठी सोडत होत्या.

"काहून बांधलं व?"

"सुई उपटून राह्यली, ताई. येडी झाली ते."

"येडी नाई. हात पाह्य तिचे. कापूस वेचून राह्यली."

त्यांनी चादरीची ओटी करून आजीच्या कमरेला बांधली, वेचणीला बाया बांधतात तशी, आणि ड्रेसिंगचा कापूस फुलवून पुढ्यात ठेवला. आजी मोकळ्या हातानं एकेक पुंजका ओटीत टाकू लागली. सलाईन निमूट संपलं. मध्येच मला म्हणाली, "उभी काय राह्यली? वेच ना." मी वेचू लागले. तिच्या मनगटांवर पट्टीचे वळ होते. मालाताईंनी ते पाहिले आणि त्यांवर हलक्या हातानं मलम लावलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या वळांची लाज मला अजून वाटते.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मालाताईच विसरू लागल्या. मागच्या हिवाळ्यात भेटायला गेले, तर त्यांचे हात ओढणीनं खुर्चीला बांधलेले. सुनीता रडायलाच लागली. "मावशी, काय करू? रक्त येईपर्यंत अंग खाजवते. मले सैपाकही करू देत नाई." तिला कोणत्या तोंडानं बोलणार? तिनं निदान रडून बांधले होते, मी चहा पीत होते. गाठ सोडली, आधी मनगटं पाहिली. मग दुकानातून कापसाचा रोल आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

ताईंनी मला ओळखलं नाही. "नव्या दिसता, सिस्टर. हात धुतले काय?"

मी धुऊन आले, तेव्हा कुठे त्यांनी मला शेजारी बसू दिलं. आणि बोळे वळू लागल्या, सगळे एका मापाचे, जुन्या सवयीनं. त्यानंतर रोज दुपारी मी जात राहिले. आत शिरले की रोज तोच प्रश्न. ओळख मात्र पुन्हा पटली नाही, आणि त्याचं मला वाईट वाटलं, फार वाटलं.

तेरवीनंतर सुनीतानं बोळ्यांनी भरलेला स्टीलचा डबा मला दिला. परवा विळीवर बोट कापलं. डबा समोरच होता. झाकणाला हात लावला आणि थांबले... रक्त टपकत होतं, तरी आधी मोरीवर जाऊन हात धुऊन आले.