पाठराखीण डॉक्टर

फोन आला तेव्हा मी शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत होते. "मावशी, आई गेली," भाचा म्हणाला, आणि त्याच श्वासात, "आराम केला असता तर आणखी चार दिवस जगली असती." गेले काही आठवडे भेटायला येणारा प्रत्येकजण मला हेच ऐकवतो आहे. आता मी सरळ सांगते, ती मनासारखी जगली. तुमचे चार दिवस तुमच्याकडेच ठेवा.

शैलाताई, माझी थोरली बहीण, धसईला डॉक्टर होती. तिचं हृदय थकलं तेव्हा मुलानं दवाखाना बंद करायला सांगितलं. ती निमूट हो म्हणाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आवराआवरीला मी तिच्याकडे जाऊन राहिले. बीपी-शुगरच्या जुन्या पेशंटांना बोलावून तिनं प्रत्येकाची फाईल त्याच्या हातात दिली, मुरबाडच्या एका तरुण डॉक्टरचा पत्ता दिला. झालं, असं आम्हाला वाटलं... पुढच्या बाजाराला ठमाबाई भेटली. ही ताईची सर्वांत जुनी पेशंट. गोळ्या घेतेस ना, विचारलं तर म्हणाली, "आता कशाला? कागद तुमीच दिलं ना हातात? मोठ्या दवाखान्यात बरं झालं का मंगच कागद देतात." ताई आधी हसली. मग चौकशी केली, तर निम्म्यांनी गोळ्या सोडलेल्या. तिचं हसू गेलं.

मुरबाडला का जात नाही, तर "तिकडं कोन वळखतो आमाला?" या एका प्रश्नावर ताई अडली. रात्री जेवून हात धुताना म्हणाली, "नव्या नवरीबरोबर पाठराखीण धाडतो ना आपण? मग यांनाच एकटं का धाडायचं?"

तेव्हापासून ती दोघातिघांना घेऊन एसटीनं मुरबाडला जाऊ लागली. डॉक्टर असूनही रांगेत बसायची, नंबर आला की पेशंटबरोबर आत. ही चक्कर आली तरी बरंय म्हणते, हा बीपी असून खारं सुकट खातो आणि नाही म्हणतो, असं सगळं त्या तरुण डॉक्टरला सांगायची. तो बिचारा आधी कानकोंडा व्हायचा, मग तिच्यासाठी चहा मागवू लागला. भाचा फोनवर संतापायचा. ताई म्हणायची, "जपून ठेवलेल्या हृदयाचं काय लोणचं घालायचंय?" मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू... पण तिला मी अडवलं नाही आणि याचा मला पश्चात्ताप नाही.

शेवटी एकटी ठमाबाई राहिली. "तुमच्याबिगर मी नाय कुनाला हात दाखवायची," हा तिचा हेका. मोठ्या मिनतवारीनं ती तयार झाली. मी तोवर शहापूरला माझ्या घरी परतले होते. दोघी मुरबाडला जाणार होत्या त्याच सकाळी ताई गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी दवाखाना झाडायला गेले, तर ठमाबाई पायरीवर बसलेली. लुगडं धुवट, फाईल पोटाशी.

"गोळ्या?" मी विचारलं.

"डाक्टरीनबाई गेल्या. आता कशाला?"

मी खूप चिडले. म्हटलं, "जीव चालला तरी ती तुमच्यासाठी एसटीत चढत होती. उठा."

ती उठली.

मुरबाडला आमचा नंबर आला. आत पेशंटच्या खुर्चीला लागून एक लाकडी स्टूल होतं. "मॅडमचं आहे. त्यांच्यासाठीच आणलं होतं," तरुण डॉक्टर म्हणाला. "आता उचलायचं होतं." बीपी बघायला त्यानं हात मागितला. ठमाबाईनं तो पदराखाली घट्ट धरला, स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसा ना गो बाई."

मी बसले. ठमाबाईनं हात पुढे केला. "स्टूल उचलायचं नाही," मी डॉक्टरला सांगितलं.