पप्पांबरोबर पाहिलेले प्लेऑफ

माझं ठाम मत आहे की बास्केटबॉल खरा सुरू होतो तो एप्रिलनंतर. अमेरिकेतली ती लीग ऑक्टोबरपासून चालू असते, पण तेव्हा मोठे खेळाडू गुडघा दुखतो म्हणून अधूनमधून बाकावर बसलेले दिसतात. प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, लागले की कुणाचाच गुडघा दुखत नाही. समोर एकच टीम, सातपैकी चार मॅच जिंकेपर्यंत तिच्याशीच गाठ. आज ज्याने तुम्हाला चकवलं तोच परवा पुन्हा समोर. ऑफिसमध्ये मी हे सांगायला गेले की आमचे डिस्पॅचवाले साहेब हसतात. ते उल्हासनगरचे सिंधी, क्रिकेटच्या लीगशिवाय दुसरं काही बघत नाहीत. "मॅडम, सात-सात मॅच कोण बघणार? एका रात्रीत फैसला, बात खतम." मला तेच पटत नाही. एका रात्री कुणीही जिंकतं.

ही मतं कधी घरी बोलून दाखवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. ती पप्पांच्या आजारपणामुळे आली.

पप्पा केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. रिटायर झाल्यावर दोन वर्षांतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात, डावा पाय गेला. मी लग्न केलेलं नाही, अंबरनाथला आई-पप्पांबरोबरच राहते. फिजिओथेरपीच्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, बाकीचे दिवस व्यायाम माझ्याकडे. आनंदनगर एमआयडीसीतलं ऑफिस गाठायचं म्हणून मी सकाळी सहाला सुरुवात करायचे. अमेरिकेतली मॅच आपल्याकडे नेमकी त्याच वेळेला लागते. मी मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचे, एका डोळ्याने मॅच बघत पप्पांची बोटं एकेक करून उघडायचे.

पहिले काही दिवस पप्पा भिंतीकडे बघत पडून राहायचे. ते कबड्डीचे माणूस. तरुणपणी वस्तीच्या टीममधून खेळायचे, भीमजयंतीच्या स्पर्धा गाजवायचे. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली आणि टीव्हीवर तिची लीग आली, तेव्हा शिव्या देत का होईना, एकही मॅच त्यांनी सोडली नव्हती. बास्केटबॉलशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पण एका सकाळी ते म्हणाले, "तो पांढऱ्या कपड्यातला सारखा पडतोय कशाला?" त्यांचे शब्द तेव्हा जड, सावकाश यायचे.

"फाउल मिळावा म्हणून, पप्पा. नाटक करतो."

"मग पंच काय झोपलाय?"

त्या दिवसापासून ते माझ्याबरोबर बघायला लागले. टाइमआउटवर त्यांचा फार राग. "दम लागला तर दम धरायचा. सारखं काय थांबायचं?" सात मॅचची मालिका मात्र त्यांना समजावल्याबरोबर आवडली. "असं असतं तर कल्याणच्या टीमला आम्ही सोडलं नसतं," म्हणाले. कोण जाणे किती वर्षांपूर्वीची ती फायनल! एका पॉइंटने हरले होते. मी विचारलं तेव्हा शेवटची चढाई त्यांनी उजव्या हाताने हवेत आखून दाखवली.

मग मेमधल्या एका सकाळी, मॅचच्या मधल्या सुट्टीत, त्यांनी विचारलं, "तू कुठल्या जागेवर खेळायचीस?"

मी दहावीपासून कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत खेळले. पप्पांनी माझी एकही मॅच पाहिली नव्हती.

"गार्ड. पुढे बॉल घेऊन जायचे."

"मग सोडलंस कशाला?"

मला वाटलं ते चेष्टा करतायत. "तुम्हीच नाही म्हणालात. जिल्ह्याच्या टीमचा कॅम्प होता पुण्याला. मी बॅग भरली होती."

"मी? कधी?"

ते खरोखरच आठवून बघत होते. पप्पांना खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर दिसतं. जी गोष्ट मी वीस वर्षांहून जास्त काळ छातीशी धरून बसले होते, ती त्यांच्याकडे नव्हतीच. त्यांच्यासाठी ती कामावर जाताना दारात म्हटलेली एक 'नाही' होती. मी त्यांचा हात उशीवर ठेवला, मॅच बंद केली आणि आंघोळीला गेले.

पुढचे दोन दिवस व्यायाम केला, पण मोबाइल लावला नाही. पप्पा पुन्हा भिंतीकडे बघत पडून राहिले. राग त्यांनी नाही म्हटल्याचा नव्हताच. पोरीबाळींना बाहेरगावी पाठवायला तेव्हा कितीतरी घरं घाबरायची. राग ते विसरल्याचा होता. आजारी माणसावर रागावल्याची लाज वाटायची ती वेगळीच.

तिसऱ्या सकाळी मी खुर्ची ओढली तर पप्पाच म्हणाले, "तुझी टीम हरली काल."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आईकडून तिच्या मोबाइलवर लावून घेतली. तू गेल्यावर परत दाखवतात ना, ती. शेवटच्या मिनिटाला त्या लांबड्याने उगाच दुरून टाकला. जवळ मोकळा माणूस उभा होता."

मी त्यांची बोटं उघडायला घेतली. तिसऱ्या बोटाला आले तेव्हा ते म्हणाले, "मला आठवत नाही, पोरी. पण म्हणालो असेन. मी भित्राच होतो तुझ्या बाबतीत."

माफी असला शब्द आमच्या घरात कुणी कधी वापरलेला नाही. मी "हं" म्हटलं आणि मोबाइल लावला.

माझी टीम तीन-शून्यने मागे होती. इतकं मागे पडून त्या लीगमध्ये कुणी परत येत नाही, तसेच तेही आले नाहीत. चौथी मॅच आम्ही पूर्ण बघितली. पप्पा हळहळले. मी म्हटलं, आता मुलींची लीग सुरू झालीये, ती बघू.

"मुलींची पण असते?" ते उठून बसायला धडपडले. "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

आता मुलींचीच लीग त्यांना जास्त आवडते. म्हणतात, या पोरी बॉल एकमेकींना देतात, तो पुरुषांचा खेळ म्हणजे एकटा पळतो आणि बाकीचे बघतात. मला हे मान्य नाही आणि आमचं रोज वाजतं. आपल्याकडे असं काही का नाही, असंही विचारतात. मी सांगते, लीग निघाल्याच्या बातम्या येतात, मग बातम्याच येईनाशा होतात. डाव्या हाताची मूठ त्यांची अजून नीट वळत नाही, पण काठी घेऊन गॅलरीपर्यंत चालतात.

गेल्या आठवड्यात मॅच संपल्यावर म्हणाले, "तू कशी खेळायचीस ते दाखव."

"काहीतरीच काय, पप्पा. बॉल कुठाय?"

"बॉल कशाला? पाय दाखव."

मी ओढणी कमरेला बांधली. हॉलमधलं टेबल भिंतीला सरकवलं. खाली वाकून, उजवीकडे जातेय असं भासवून, डावीकडून निसटले. आई कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि हसायला लागली. पप्पा हसले नाहीत. डोळे बारीक करून माझ्या पायांकडे बघत होते, तरुणपणी समोरच्या चढाईवाल्याकडे बघत असतील तसे.

"परत," ते म्हणाले. "सावकाश."

मी परत दाखवलं.