टेस्टरचा शेरा

झाकण उघडायचं, नाक आत घालायचं आणि मान वर न करताच म्हणायचं, "परत."

भूमच्या दूध संकलन केंद्रावर सकाळच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा, या एका शब्दाने त्याला भरलेला कॅन घेऊन घरी जावं लागायचं. दूध चांगलं असलं तर ते तपासणारे आमचे टेस्टर म्हणायचे, "चालंल." त्याहून मोठी शाबासकी त्यांच्यापाशी नव्हती. दुधात बुडवायचा लॅक्टोमीटर त्यांच्याकडे होता, तोही ते बुडवायचे, पण तो सोसायटीच्या समाधानासाठी. निकाल नाकाने आधीच लागलेला असायचा.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. शाळेत असेल, नाहीतर पतपेढीत. सगळे त्याला मानतात आणि कुणी त्याला जेवायला बोलवत नाही.

माझ्या आईची एक म्हैस होती, म्हणून लहानपणापासून मी त्या रांगेत उभी राहिले. दुष्काळाची वर्षं होती. विहिरी कोरड्या, टँकर आला की बायकांची भांडणं. अशात एकजण पाणी घातलेलं दूध घेऊन आला. टेस्टरने वास घेतला, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "आरं, गावात प्यायला पाणी न्हाय आन् ह्यात घालायला तुला कुठं घावलं? ती हीर दाव मला. सगळ्या तालुक्याला सांगू." सगळी रांग हसली. तो माणूस कॅन उचलून गेला आणि पुढं कित्येक वर्षं टेस्टरशी बोलला नाही.

त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचं दूधही त्यांनी परत केलं होतं. चेअरमनच्या घरचं तर दोनदा. बदलीची धमकी आली तेव्हा म्हणाले, "बदला की. नाक हितंच ठिवून जाऊ का?" बदली झाली नाही. दुसरं असं नाक त्यांना मिळालं नसणार.

पुढं मी नर्सिंगचा कोर्स केला. आमच्या वस्तीतून पगाराच्या नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. नोकरी लागली ती परंड्याच्या रस्त्यावरच्या सेवाघरात. दूध संघाच्या संचालकांनी ट्रस्ट काढला होता आणि पेंडीचं जुनं गोदाम चुन्याने रंगवून त्यात खाटा टाकल्या होत्या. डॉक्टरांनी ज्यांच्यापुढं हात टेकले, अशा माणसांसाठी ते घर होतं. बरं करायचं नव्हतंच कुणाला. स्वच्छ अंथरूण, वेळेवर दुखणं थांबवणारं औषध आणि शेवटच्या घटकेला उशाशी कुणीतरी, एवढंच द्यायचं. उद्घाटनाच्या भाषणात हे फार सुंदर सांगितलं होतं. प्रत्यक्षात उशाशी बसायला मी एकटी. सकाळी यायची, दिवे लागायच्या सुमाराला जायची. त्यानंतर फाटकाला कुलूप आणि फाटकाबाहेर बाजेवर एक बहिरट वॉचमन.

एके दिवशी एसटीतून उतरून, हातात पत्र्याची ट्रंक घेऊन टेस्टर आले. घशात गाठ होती. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मेव्हणा भूममध्येच होता, पण त्याने ते परत आलेलं दूध अजून विसरलेलं नव्हतं. दारात उभे राहून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "पेंडीचा वास हाय अजून," म्हणाले. मग मला ओळखलं. "म्हशीवाल्या बाईची न्हवं का तू? खाट कुठली देतीस, सिस्टर?"

तेव्हापासून आमच्या सेवाघराची तपासणी रोजच सुरू झाली. वरणाचं झाकण उघडायला लावायचे. चादर नाकाशी धरायचे. "चालंल." औषधाची वाटी नीट विसळली नसली तर "परत." भजनी मंडळ येऊन गेलं तेव्हा म्हणाले, "पाणी लई." ट्रस्टच्या सेक्रेटरीने येऊन सेवेवर लांबलचक प्रवचन दिलं, त्याला अर्थातच "परत." मी हसायची. त्या घरात हसायची सवय मला त्यांच्यामुळे लागली.

एकदा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या पाटलांना मी पाण्याचा गिलास दिला. ते मोठ्या घरचे. त्यांनी विचारलं, "कुणाची गं तू?" मी सांगितलं. त्यांनी गिलास बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. टेस्टरने हात पुढं केला, तो गिलास घेतला, वास घेतला. "पाण्याला वास न्हाय. चालंल," म्हणाले आणि पिऊ लागले. त्या घशातून एक घोट उतरायला केवढा वेळ लागायचा हे मला माहीत होतं. सगळा गिलास संपवून ते पाटलांना म्हणाले, "तुम्ही ऱ्हावा मग तान्हेलं." मला आजही ते आठवलं की रडू येतं आणि रागही येतो. राग पाटलांचा. असं पाणी पिऊन दाखवायची वेळ एका मरणाऱ्या माणसावर का यावी?

रात्रींबद्दल त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. "सिस्टर, तुमचं हे घर दिवसा चालंल. रातच्याला परत. रातीला माणूस वरडतंय आन् वॉचमनला ऐकू येत न्हाय." कुणाला काही लागलं तर वाजवायला म्हणून प्रत्येकाच्या उशाशी एक थाळी आणि चमचा ठेवला होता. वाजवल्यावर येणार कोण, याचा विचार थाळ्या विकत घेणाऱ्यांनी केला नव्हता.

मी रात्रीसाठी दुसरी सिस्टर मागितली. सेक्रेटरी म्हणाले, "कमिटी येणार आहे. घर कसं चाललंय ते बघेल आणि ठरवेल." मीही आशेने वाट बघत बसले.

कमिटी यायच्या दिवशी काय काय झालं ते ऐका. टँकरचं सगळं पाणी फरशी धुवायला गेलं, त्यामुळे त्या दिवशी एकाही रोग्याचं अंग पुसता आलं नाही. सेक्रेटरींनी नव्या चादरी आणल्या, दुकानातल्या घड्यांसकट. टेस्टरने एक नाकाशी धरली. "नुसती खळ," म्हणाले. दारात रांगोळी घातली. मरणाला टेकलेल्या माणसांच्या दारात रांगोळी, आणि मधोमध लिहिलेलं सुस्वागतम्.

मग सेक्रेटरी खाटांमधून फिरले आणि गोड आवाजात सगळ्यांना म्हणाले, "रडगाणं कुणी गाऊ नका. ट्रस्टमधल्या निम्म्या लोकांना हे घर नकोच आहे. साहेबांना खोट दिसली, तर बंद करून टाकतील. मग तुम्ही आणि तुमचं नशीब."

कोपऱ्यातल्या खाटेवर परंड्याची चाची होती. बांगड्या विकून आयुष्य काढलेली बाई, पोटात गाठ, कमरेखालचं अंग उचलत नव्हतं. भाच्यांनी आणून सोडली ती सोडलीच. ती टेस्टरना म्हणाली, "टेस्टरभाई, तुमे परत बोले तो मेरेकू कां भेजेंगे? भांजे तो दरवाजा बी नै खोलते." ती पदर तोंडाशी धरून रडत राहिली.

कमिटी आली. चेअरमन, संचालक, जिल्ह्याचे एक साहेब. चुना बघितला, कॅलेंडर बघितलं, घड्यांच्या चादरी बघितल्या. खाटेवरच्या माणसाचा हात कुणी हातात घेतला नाही. मी मध्येच म्हणाले, "साहेब, रात्री इथं कुणी नसतं. रात्रीसाठी एक सिस्टर पाहिजे." चेअरमन हसले आणि टेस्टरच्या खाटेकडे वळले. "आपल्याला कशाला तपासायला पाहिजे? तालुक्यातलं सगळ्यात खडूस नाक हितं पडलंय. सांगा टेस्टर, कसं हाय आमचं सेवाघर?"

माझा जीव कानात आला होता. "रातच्याला परत" एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर चेअरमननाही ते टाळता आलं नसतं, कारण त्या नाकाला खोटं म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

टेस्टरने चाचीच्या कोपऱ्याकडे बघितलं. मग छताकडे बघत म्हणाले, "एक नंबर."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. चेअरमननी टाळी वाजवली. "ज्यानं माझ्या घरचं दूध परत केलं, तो माणूस म्हणतोय एक नंबर! मग आणखी सिस्टर कशाला? ज्याच्यात खोटच न्हाय, त्याला दुरुस्ती काय करायची?" मी पुन्हा तोंड उघडलं, तर जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही स्वतःचंच काम कमी लेखता." सगळे हसले. मग त्यांनी भूमचे पेढे खाल्ले आणि गेले.

संध्याकाळी मी टेस्टरजवळ बसले. रागावले होते, पण रागवायचं कुणावर? ते स्वतःच म्हणाले, "जल्मात एक क्यान पाण्याचं पास केलं, सिस्टर."

"चाचीसाठी ना?"

"म्हातारी लई रडत व्हती." मग म्हणाले, "पर हे फाटणार. फाटल्याबिगर ऱ्हायचं न्हाय."

आठवड्याभरात पेंटर आला आणि फाटकाशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहून गेला: "टेस्टर म्हणतात, एक नंबर!" दूध घालायला जाणारे लोक सायकली थांबवून वाचायचे. गावात त्यांचं खूप कौतुक झालं. मेव्हणासुद्धा एकदा येऊन बघून गेला, भिंत.

दुखणं वाढत गेलं. मी जाताना उशाशी पाणी भरून ठेवायची, चमचा हाताजवळ ठेवायची. "जा, सिस्टर. एसटी चुकंल," म्हणायचे. मी राहू का विचारलं होतं. सेक्रेटरींनी नियम दाखवला. रात्री बाईमाणसाने थांबायचं नाही, ट्रस्टची अब्रू जाते.

एका सकाळी मी कुलूप काढलं तेव्हा चाची जमिनीवर होती. तिच्या आणि टेस्टरच्या खाटेमधल्या वाटेवर, निम्म्यात. कमरेखालचं अंग न हलणारी बाई कोपरांवर तिथवर सरकत आली होती आणि तिथंच थांबली होती. टेस्टरचा गिलास खाटेखाली लवंडलेला होता. पाणी केव्हाच वाळलं होतं. चमचा त्यांच्या मुठीत घट्ट होता, तो मला सोडवावा लागला.

"रातभर थाली बजाते रहे," चाची म्हणाली. तिचा आवाज ओरडून ओरडून बसला होता. "मैं बी चिल्लाई. कोई नै आया, बेटा. पानी पानी बोले." मग तिने माझा हात धरला. "आखिर में बोले, सिस्टरकू बोलना, वो मेरा शेरा परत."

मी त्यांचे डोळे मिटले. चाचीला उचलून खाटेवर ठेवलं आणि तशीच सेक्रेटरीकडे गेले. जे ऐकलं ते सांगितलं. ते चहा पीत होते. "शेवटी शेवटी माणूस भ्रमिष्ट होतो, सिस्टर," म्हणाले. "तुम्ही तर नर्स आहात. तुम्हाला हे माहीत पाहिजे." शोकसभेत चेअरमन रडले. म्हणाले, असा पारखी पुन्हा होणे नाही, आणि त्याची शेवटची पारख आपल्या सेवाघराला लाभली हे आपलं भाग्य. रात्रीच्या सिस्टरचं नाव कुणी काढलं नाही.

मी स्वयंपाकघरात गेले, चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि भिंतीवरच्या त्या ओळीखाली माझ्या हाताने लिहिलं: "परत." सेक्रेटरींनी ते पुसायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना वॉचमनने मला धरलं. त्या दिवशी त्याला सगळं नीट ऐकू येत होतं.

मला काढून टाकलं. चाचीचं पुढं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही.

आता कधी परंड्याकडं जाणं झालं की एसटीच्या खिडकीतून ती भिंत दिसते. गोदामाला कुलूप आहे, चुना उडालाय, फाटक कुणीतरी नेलंय. ऑइलपेंटची अक्षरं मात्र अजून वाचता येतात. कोळशाचं काही राहिलेलं नाही.